वरचा हात

घड्याळजीचा फोन आला तेव्हा रंगारीण एका शाळेच्या वर्गात फळ्यामागची भिंत घासत होती, आणि तिचा दीर घोडीवर उभा राहून छताच्या कोपऱ्यात पुट्टी भरत होता. हात भुकटीनं माखलेले, म्हणून तिनं फोन खिडकीत ठेवून स्पीकर लावला.

"ताई, आईच्या खोलीचा रंग सुटलाय हो," घड्याळजी म्हणाला. "नुसता सुटला नाही, कातडं सोलल्यासारखा लोंबतोय. तुमच्या मिस्टरांनीच केलेलं काम आहे, म्हणून आधी तुम्हाला सांगतोय. एकदा बघून जाल का?"

ती हो म्हणाली. फोन बंद झाल्यावर दीर छताकडेच बघत म्हणाला, "त्यांना सांगा वहिनी, दुसरा कोणी बघा म्हणावं."

"का? यांचं काम आहे ते."

"जुनं काम उकरू नये. आपल्याला काय कमी कामं आहेत का?"

तिला नवल वाटलं. दिराला सगळे डावऱ्या म्हणत, कारण तो जेवण सोडून बाकी सगळं डाव्या हातानं करायचा. कामाचा निरोप आला की हातातला घास टाकून उठणारा माणूस. दोघे भाऊ एकाच भिंतीला दोन टोकांनी लागायचे, मोठा उजव्या हातानं, धाकटा डाव्या, आणि मध्ये येऊन भेटायचे. सांधा कुठे आहे ते त्यांचं त्यांनाही सापडत नसे. मोठा, म्हणजे तिचा नवरा, गेला त्याला आता तीन वर्षं झाली होती. तेव्हा रंगारणीची मुलगी रांगतही नव्हती. काम तिला नवऱ्यानंच शिकवलेलं होतं, लग्नानंतर ती त्याच्याबरोबर भिंतीला उभी राहायची. तो गेल्यावर मूल जावेच्या ओटीत देऊन ती पुन्हा उभी राहिली, इतकंच.

"तुम्ही शाळेचं संपवा, भावजी," ती म्हणाली. "मी जाऊन येते."

घड्याळजीचं घर दुकानाच्या वरच होतं. तो भला माणूस होता, आवाज न चढवणारा. जिना चढताना त्यानं दोनदा सांगितलं की त्याची काही तक्रार नाही, फक्त आईच्या अंगावर कपचे पडतात, म्हणून.

खोलीच्या दारातच खुर्ची टाकून त्याची आई बसली होती. अंगानं मूठभर, डोळे मात्र लख्ख. तिच्या डोक्यातलं अलीकडचं पलीकडे झालेलं होतं. मुलाला कधी ओळखायची, कधी त्याला गिऱ्हाईक समजून खाली पाठवायची.

रंगारणीनं भिंतीकडे पाहिलं.

भिंतीचे दोन भाग झाले होते. जमिनीपासून साधारण खांद्यापर्यंत रंग जसा लावला तसा होता, तुळतुळीत, बोट फिरवलं तर कुठे अडणार नाही असा. त्याच्या वर छतापर्यंत रंगाचे पडदे सुटून लोंबत होते. मधली रेघ सरळ नव्हती, पण रेघच होती. जणू पाणी तिथवर चढून थांबलं होतं, आणि त्याच्या वरचं सगळं कोरडं राहून मेलं होतं.

तिनं घोडीवर चढून एक पडदा ओढला. वीतभर रुंद पट्टा आवाज न करता निघून हातात आला. त्याच्या पाठीला सिमेंटची पिठी चिकटलेली. खाली उघडा गिलावा. पुट्टी नाही, प्रायमर नाही. तिनं ओंजळीतलं पाणी शिंपडून पाहिलं. डाग पडायच्या आत भिंतीनं ते पिऊन टाकलं.

"छताच्या गळतीनंतर नवा गिलावा केला होता आम्ही," घड्याळजी खालून म्हणाला. "काही चुकलं का त्यात?"

"गिलावा चांगला आहे," ती म्हणाली. पुढचं तिला बोलवेना. भिंत आधी पाजावी, मग नटवावी, हे तिच्या नवऱ्याचं वाक्य होतं. तहानलेल्या भिंतीवर रंग लावणाऱ्याला तो रंगारी म्हणतच नसे, तोंडाला पावडर फासणारा म्हणायचा. एकदा गिऱ्हाईक घाई करत होतं म्हणून त्यानं काम सोडलं होतं, प्रायमर सोडला नव्हता. आणि ही त्याची भिंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच कामाला लागली. कपाट मधोमध ओढलं, त्यावर चादर टाकली, आणि पत्री घेऊन वरून खरवडायला सुरुवात केली. कपचे खाली पडत होते. घड्याळजीच्या आईला आत न्यायचा प्रयत्न झाला, पण ती खुर्ची सोडेना. दारातून बघत बसली.

थोड्या वेळानं म्हातारी म्हणाली, "बस रे जरा. किती घासशील?"

रंगारणीला वाटलं, आपल्यालाच म्हणतेय. "एवढं झालं की बसते, आजी."

"तुला नाही गं. त्याला." म्हातारीनं हनुवटीनं खिडकीजवळचा कोपरा दाखवला. "सकाळपासून घासतोय. दम लागलाय त्याला, ऐकू येत नाही तुला?"

कोपऱ्यात कोणी नव्हतं. कपाट जिथे होतं तिथली जमीन तेवढी स्वच्छ चौकोनी दिसत होती.

वयाचं असतं, असं मनाशी म्हणून ती पुन्हा कामाला लागली. वरचं बरंचसं खरवडून झाल्यावर ती खाली उतरली आणि सांध्याची धार मारायला पॉलिशपेपर हातात घेतला. घासायला लागली. भुकटी उडाली, नाकाला फडकं बांधलं, पुन्हा लागली. मग तळहात फिरवून बघायला ती थांबली.

घासणं थांबलं नाही.

आवाज अगदी हलका होता. कागद भिंतीवर गोल फिरत होता, चार फेरे, मग थांबणं. त्या थांबण्यात एक बारीक शिट्टी वाजत होती, फुटक्या भात्यासारखी. मग पुन्हा चार फेरे. खिडकीजवळच्या कोपऱ्यातून, खालून, बसलेल्या माणसाचा हात पोचेल त्या उंचीवरून.

तिनं भिंतीला तळहात लावला. भिंत आतून अगदी नकळत थरथरत होती, मांजराची पाठ थरथरते तशी. भिंतीच्या पलीकडे काही नव्हतं, नुसती हवा आणि खाली रस्ता.

"पाणी दे त्याला," म्हातारी म्हणाली.

रंगारीण जिना उतरून खाली दुकानात आली. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात बघत होता.

"खाली काही मशीन चालतं का तुमचं? घासायचं?"

त्यानं भिंग काढलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला पुढचं विचारावं लागलं नाही. "आईला येतो तो आवाज," तो म्हणाला. "रंग सुटायला लागल्यापासून. मला नाही येत." त्यानं भिंग बाकावर ठेवलं. "तुम्हाला आला?"

ती पुन्हा वर गेली. पळून जावं असं तिला वाटलं नाही, ह्याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. तो श्वास तिच्या ओळखीचा होता. शेवटच्या चार-आठ दिवसांत घरात तो रात्रंदिवस वाजायचा. पण ते शेवटचे दिवस. या खोलीचं काम त्याच्या कितीतरी आधीचं, ती पोटुशी असतानाचं. तेव्हा तो धडधाकट होता. निदान तिला तसंच वाटत आलं होतं.

ती घोडीवर चढली आणि उन्हाच्या तिरिपेत उघड्या गिलाव्यावर चिकटून राहिलेला रंग पहिल्यांदा नीट पाहिला. घाईघाईत मारलेल्या जाड रंगात ब्रशच्या केसांच्या रेघा राहून गेल्या होत्या. प्रत्येक रेघ उजवीकडून वर चढून डावीकडे कलली होती. एकही उलटी नाही.

उजव्या हाताचा माणूस असा ब्रश ओढत नाही.

संध्याकाळी मुलीला आणायला ती दिराकडे गेली. तो दारातच पायऱ्यांवर बसून ब्रश धूत होता. ती आत न जाता त्याच्यासमोर उभी राहिली.

"उद्या घड्याळजीकडे यायचं, भावजी."

"शाळेचं राहिलंय अजून."

"राहू दे."

त्यानं वर पाहिलं नाही. ब्रशातून रंग निघून गेला होता, पाणी स्वच्छ येत होतं, तरी तो धूतच राहिला.

तो आला. खांद्यावर घोडी, मान खाली. जिना चढून दारात पाऊल टाकतो न टाकतो तोच म्हातारीनं त्याला पाहिलं आणि ती खुर्चीत ताठ झाली.

"आलास?" ती म्हणाली. "नेलंस ना रे भावाला दवाखान्यात?"

दिराच्या खांद्यावरची घोडी घसरून चौकटीवर आदळली. तो तिथेच दाराला टेकला.

"मी सांगितलं नाही हो कुणाला," म्हातारी समजुतीच्या सुरात म्हणाली. "माझ्या मुलालासुद्धा नाही. तुझ्या भावानं हात जोडले होते. पण तू रडत रडत रंग मारत होतास, ते मला बघवेना."

मग रंगारीण म्हणाली, "सांगा आता."

दीर जमिनीवर बसला, कपच्यांच्या ढिगाशेजारी. सांगताना त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

"दादाला हात वर नेता येईना झाला होता, वहिनी. खांद्याच्या वर हात गेला की उबळ यायची, श्वास अडकायचा. खालचं त्यानं बसून बसून केलं, एकट्यानं. म्हणाला, वरचं तेवढं तू येऊन कर, कुणाला बोलू नकोस. मी आलो. प्रायमरचा डबा उघडायला घेतला, तर हा भिंतीला टेकून खाली घसरला. ओठ निळे पडलेले. आजींनी बाहेरच्या खोलीत आडवा केला. चल म्हटलं दवाखान्यात, तर म्हणतो, भिंत उघडी टाकून नाही यायचा. ऐकेचना! प्रायमर मारून वाळायची वाट बघत बसलो असतो तर..." तो थांबला. "सरळ रंग उचलला. पाणी न घालता, घट्टच्या घट्ट. वरखाली सारखं दिसेल एवढं केलं आणि त्याला झालं म्हणून सांगितलं. तेव्हा उठला तो."

"आणि डॉक्टर?"

"फुफ्फुसं गेली म्हणाले. भुकटीनं. फार तर वर्ष काढेल म्हणाले."

ती मनातल्या मनात मागे गेली. त्याआधी तिची कूस दोनदा रिकामी झाली होती. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिला पलंगावरून उठायची बंदी केली होती. दगदग नको, धसका नको, हसत राहा. आणि ती हसत राहिली होती. रोज संध्याकाळी नवरा घरी यायचा, पायाशी बसून तिला दिवसभराच्या गमती सांगायचा. काम एवढं का लांबलं असं तिनं विचारलं तेव्हा म्हणाला होता, गिलावा ओला आहे, वाळेचना.

"मला का नाही सांगितलं, ते विचारत नाही मी," ती म्हणाली. "ते कळलं. कोणाकोणाला ठाऊक होतं?"

"माझ्या बायकोला."

"आणखी?"

"तुमच्या भावाला. डॉक्टरीणबाईंना." त्याचा आवाज बसत चालला. "बाळंतपण होऊ दे, मग मीच सांगतो म्हणाला. मुलगी झाली. मग म्हणाला, तिच्या अंगात जरा ताकद येऊ दे. मग वेळच राहिला नाही, वहिनी."

"म्हणजे गावभर झालं आणि घरात पत्ता नाही." ती हसली, पण ते हसू ऐकून म्हातारीनंही मान फिरवली. "आणि मी तुमच्या घरी येऊन रडायचे, अचानक गेले, अचानक गेले म्हणून. तुम्ही दोघं नवराबायको माना हलवायचात."

तो जमिनीवरचे कपचे गोळा करायला लागला.

तिनं पत्री ठेवली आणि ती घरी गेली. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. जाऊ डबा घेऊन आली, तो तिनं दारातूनच घेतला आणि तिला आत ये म्हटलं नाही. मुलगी मांडीवर बसून बडबडत होती. तिचे कान बापासारखे, वरून जरा दुमडलेले. ह्या कानांसाठी तो माणूस दम कोंडून हसत राहिला होता. तिला त्याचा राग आला, आणि राग धरायला जागाच सापडेना, कारण जागा मांडीवर बसली होती.

सकाळी ती खोलीवर पोचली तेव्हा दीर आधीच आलेला होता. उरलेला वरचा भाग त्यानं एकट्यानं खरवडून गिलाव्याला आणला होता. भुकटी झाडून, ओल्या फडक्यानं भिंत पुसून ठेवली होती. दोघं न बोलता कामाला लागले. बारीक भेगा भरल्या, भरलेलं घासलं, पुन्हा पुसलं. मधूनच ती हात थांबवायची आणि कान द्यायची. कोपऱ्यातलं घासणं चालू असायचं, चार फेरे आणि दम. दिराला ऐकू येत होतं की नाही ते तिनं विचारलं नाही. पण त्या कोपऱ्याकडे तो पाठ करत नव्हता.

मग तिनं प्रायमर कालवला. पहिला हात पातळ लागतो, भिंतीच्या पोटात जाईल असा. तिनं ब्रश दिराच्या हातात दिला.

"वरचं तुम्ही मारा."

तो घोडीवर चढला. ती खालून लागली, खिडकीजवळच्या कोपऱ्यातून. भिंत घटाघटा पीत होती. ओला पट्टा ओढावा, तो बघता बघता फिका व्हावा, पुन्हा ओढावा. खालचा जुना भाग मात्र पीत नव्हता, त्याचं पोट भरलेलं होतं. तिथे तिला नुसता हलका हात द्यायचा होता. तिनं तो भाग फार सावकाश केला.

शेवटचा पट्टा ओढून ती मागे सरली आणि तिच्या लक्षात आलं की खोलीत काहीच वाजत नाहीये. घोडीची करकर थांबली होती. दीरही थांबून ऐकत होता.

तिनं कोपऱ्यात गुडघे टेकले. ओल्या भिंतीला कान लावला. गाल पांढरा झाला, केसांना प्रायमर लागला. आत काही नव्हतं. भिंत नुसती भिंत होती, गार.

"कुठे पाठवलंस त्याला?" म्हातारीनं दारातून विचारलं. तिचा आवाज चिडका झाला होता. "दमलेला होता तो. बसू द्यायचं होतं की जरा. काय घाई होती तुला?"

रंगारणीनं भिंतीवरून कान काढला. घड्याळजी वर आला, वास फार आहे म्हणून आईला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेला. जाता जाता म्हातारी मागे वळून वळून कोपऱ्याकडे बघत होती.

प्रायमर वाळेपर्यंत करण्यासारखं काही नसतं. दोघं बाहेर जिन्यात येऊन बसले, ती वरच्या पायरीवर, तो दोन पायऱ्या खाली. खाली रस्त्यावर माणसं जात येत होती. तिनं पदरानं गाल पुसला, पण वाळलेला पांढरा ओरखडा तसाच राहिला.

"गाडीत काय म्हणाले?" तिनं विचारलं. "त्या दिवशी, दवाखान्यात नेताना."

दीर नखाखालचा रंग काढायला लागला. "विचारलं मला. प्रायमर मारलास ना, म्हणून."

"मग?"

"मारला म्हटलं." त्यानं नख पायरीवर घासलं. "मेलेल्या माणसाशी खोटं बोललो असतो तर चाललं असतं, वहिनी. तो जिवंत होता. माझ्या खांद्यावर डोकं होतं त्याचं. बरं झालं म्हणाला आणि डोळे मिटले."

खालून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"त्यांना कळलं असणार," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्ही मारला नाही ते. ओल्या प्रायमरचा वास ह्यांना रस्त्याच्या त्या टोकाहून यायचा. तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून आला नसता का?" ती जरा थांबली. "कळूनच म्हणाले बरं झालं."

दिरानं तिच्याकडे पाहिलं, दोन दिवसांत पहिल्यांदा. मग त्यानं तोंड दोन्ही हातांत घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तिनं त्याला थोपटलं नाही. अजून तेवढी ती निवळली नव्हती, आणि कदाचित कधी निवळणारही नव्हती. पण ती उठूनही गेली नाही.

तो शांत झाल्यावर ती म्हणाली, "आणखी सांगा. मला जे ठाऊक नाही ते सगळं. दवाखान्यात कुठे बसायचात तुम्ही, काय बोलायचे, औषध कुठे लपवायचे. मी पलंगावर पडून हसत होते तेव्हा ते काय करत होते."

"रडाल तुम्ही."

"रडेन."

मग तो सांगायला लागला. औषधाच्या बाटल्या तारपीनच्या डब्यात ठेवायचा दादा, घरी कोणी नाक घालू नये म्हणून. एकदा चुकून डॉक्टरांसमोर तारपीनचाच डबा काढून ठेवला, हे घेतो मी रोज दोन चमचे म्हणून, आणि डॉक्टर खुर्चीतून उठलेच. सांगता सांगता दिराला हसू फुटलं, आणि तिलाही, आणि हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. ऊन जिन्याच्या पायऱ्या सोडून भिंतीवर चढलं. आत प्रायमर कधीच वाळला असेल, हे दोघांनाही कळत होतं.

"मग?" ती म्हणाली. "मग काय झालं?"